दुतारीची कैफियत

आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीचे मालक एरवी माझ्या घराची पायरी चढत नाहीत. चढले तर शाळेच्या गणपतीची वर्गणी द्यायला. गेल्या वैशाखात मात्र भर दुपारी, अंगावरचे पीठसुद्धा न झटकता ते आले आणि म्हणाले, "गुरुजी, पतपेढीतून कर्ज काढतोय. पोराला एक पेटी घ्यायची आहे. तुम्ही एकदा बघून सांगता काय?"

पेटी म्हणजे बाजाची पेटी असणार असे मला वाटले, आणि गिरणीच्या घरात सूर शिरला म्हणून मला आनंदही झाला. पण त्यांनी खिशातून जो कागद काढला त्यावर तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर, एक नग, कोॲक्स केबल, तीस मीटर. पुढे किंमत. तिच्यातले आकडे मोजले, ते पाच भरले. कागदाच्या तळाशी साहेबांनी एक वाक्य जोडले होते, की घरी बनवलेल्या ट्यूनरच्या आणि उघड्या तारांच्या नादी लागू नये, त्या गोष्टी आता इतिहासजमा झाल्या आहेत.

या वाक्याशी मला भांडायचे आहे. साहेब माझे स्नेही आहेत आणि हा अंक दरवर्षी त्यांच्या घरी जातो; तेव्हा जे लिहितो आहे ते त्यांच्या तोंडावर बोलतो आहे असेच समजावे.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. हौशी रेडिओ म्हणून एक छंद आहे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचे सांकेतिक नाव मिळवायचे, आणि घरच्या बिनतारी यंत्रावरून देशोदेशींच्या अशाच हौशींशी बोलायचे. पैसा मिळवायचा नाही, कोणाचा धंदा करायचा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत या छंदाची व्याख्या दिली आहे. तीत तीन हेतू सांगितले आहेत : स्वतःचे शिक्षण, आपसांतला संपर्क आणि तांत्रिक शोध. क्रम पाहा. शिक्षण पहिले आले आहे. मास्तर असल्यामुळे माझा डोळा तिथेच अडकतो हे कबूल.

गिरणीवाल्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला. त्याने रेडिओ विकत घेतलेला नाही, बांधला आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा एक आराखडा केला. आपल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून बोलण्याऐकण्याचे पुरे यंत्र बांधता यावे हा त्याचा उद्देश. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग आणून अनेकांनी असली यंत्रे उभी केली, त्यातलाच हा एक. यंत्राची शक्ती सहा वॉट. सहाच. घरातला एल.ई.डी.चा लहान दिवासुद्धा याहून जास्त खातो. ही सहा वॉटांची पुंजी घेऊन पोराला समुद्रापार बोलायचे आहे, तेव्हा वाटेत सांडलवंड झाली तर त्याला परवडणारी नाही.

गिरणीच्या छपरावरून समोरच्या चिंचेपर्यंत त्याने एक तार ताणली आहे. लांबी वीस मीटर, मधोमध तोडलेली, तिथून दोन टोके खाली आणायची. ही लांबी ७ मेगाहर्ट्झला, म्हणजे चाळीस मीटरच्या पट्टीला बेतलेली आहे. त्या पट्टीवर देशातल्या देशात उत्तम गप्पा होतात. पण बिटएक्स चालतो १४ मेगाहर्ट्झवर, वीस मीटरच्या पट्टीवर. परदेश गाठायचा तर ती पट्टी बरी. चाळीस मीटरचे दुसरे यंत्र टेबलावर अर्धवट बांधून पडले आहे. म्हणजे पट्ट्या दोन, चिंच एक, आणि तारही एकच. सगळी गोम इथे आहे.

कारण ही तार दोन पट्ट्यांवर दोन वेगळ्या माणसांसारखी वागते. ७ मेगाहर्ट्झवर तिच्या तोंडाशी विजेला होणारा रोध सत्तरेक ओहमचा, म्हणजे केबलच्या पन्नासाशी सलोख्याने राहील असा. १४ वर तीच तार चारपाच हजार ओहम दाखवते. सासरी एक आणि माहेरी एक अशी तऱ्हा. पन्नास ओहमची केबल जर या चारपाच हजारांना जोडली तर खालून गेलेल्या लहरीचा बहुतेक भाग वरच्या तोंडावर आपटून मागे फिरतो. या परतीचे माप सांगणारे एक प्रमाण आहे, त्याला एस.डब्ल्यू.आर. म्हणतात. एक आले की सगळे ठीक, आकडा वाढला की बिनसले, असा सर्वसाधारण समज आहे. आणि या समजावरच पेट्यांचा सगळा व्यापार उभा आहे.

आता झोपाळ्याकडे चला. कडीपाटाच्या झोपाळ्यावर मुलाला बसवा आणि झोका द्या. झोका पलीकडे जातो आणि परत येतो. परत आला म्हणजे तुमची मेहनत फुकट गेली असे आजीसुद्धा म्हणत नाही. तो परत आला की नेमक्या क्षणी तुम्ही पुन्हा हात लावता आणि तीच शक्ती पुन्हा पलीकडे जाते. ट्यूनरचे काम हेच, नेमक्या क्षणी हात लावण्याचे. परतलेली लहर तो पुन्हा वर धाडतो, दर फेरीला थोडी थोडी एरिअलमधून बाहेर पडते, आणि फेऱ्या करता करता सगळी पडते. मग शक्ती खाते कोण? कुरकुरणारी कडी. झोके जितके जास्त तितकी कडी जास्त खाणार. कडीला तेल दिलेले असेल तर पन्नास झोक्यांनीही बिघडत नाही. गंजलेली असेल तर पाचांत झोपाळा थांबतो.

बारीक कोॲक्स केबल ही गंजलेली कडी आहे. आतला तांब्याचा धागा, भोवती प्लास्टिक, त्यावर तारेची जाळी. लहरीला एक फेरी करायची तरी ती वाटेत कर घेते. तीस मीटर केबल, १४ मेगाहर्ट्झ, वर एरिअलपाशी प्रमाण एकास ऐंशी, असा हिशेब आर.जी.-५८ जातीच्या केबलसाठी मांडून पाहावा. शंभर वॉट सोडले तर एरिअलपर्यंत दहासुद्धा पोहोचत नाहीत, सहासात पोहोचतात. बाकीचे केबल गरम करतात. आमच्या पोराच्या सहा वॉटांना हा हिशेब लावला तर अर्धा वॉटसुद्धा चिंचेपर्यंत जात नाही. त्याच जागी दोन उघड्या तारा समांतर नेल्या, तर शंभरातले नव्वद पोहोचतात.

आणि आता त्या काट्याची गंमत ऐका. परतणारी लहर केबलने वाटेतच खाल्ली म्हणजे खाली यंत्रापाशी परत येते ती अगदीच थोडी. त्यामुळे वर ऐंशी असलेले प्रमाण खालच्या मीटरवर पाचाच्या आसपास दिसते. पाचाचे एक करणे ऑटोमॅटिक पेटीला सोपे. ती टकटक करते, आतले रिले नाचतात, काटा एकावर येतो, मालक कृतार्थ होतो. केबल जितकी खादाड तितका काटा सुखी! वरच्या मजल्यावर दरोडा पडला आहे आणि खाली पहारेकरी "सर्व काही क्षेम" म्हणून आरोळी देतो आहे, असा हा प्रकार. पेटी खोटे बोलत नाही; तिला जेवढे विचारले तेवढेच ती सांगते. तिला काय विचारायचे हे ज्याला कळत नाही त्याला मात्र ती फसवते, आणि "घरी करू नकोस, विकत घे" म्हणून ज्याला सांगितले त्याला ते कळण्याचा मार्गच उरत नाही.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. अमेरिकेत वॉल्टर मॅक्सवेल नावाचे एक इंजिनिअर होते (समीकरणांचा मॅक्सवेल तो वेगळा, हा हौशी रेडिओवाला). १९६० साली गेलेल्या टायरॉस या हवामान-उपग्रहाच्या एरिअलवर काम केलेला माणूस. १९७३ पासून त्यांनी तिथल्या हौशींच्या मासिकात लेखमाला लिहून या एस.डब्ल्यू.आर.च्या भुताची शेंडी धरली. आकडा किती हे नुसते विचारू नका, तो आकडा घेऊन लहर कोणत्या तारेतून चालली आहे ते विचारा, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. अर्धे शतक उलटले, भूत अजून पिंपळावरच आहे.

ते पिंपळावर बसले कसे, याची हकीकतही मोठी नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी कोॲक्स केबल मैलोगणती तयार झाली आणि युद्धानंतर मोडीच्या भावात बाजारात आली. भिंतीतून नेता येते, खिडकीच्या गजाला टेकली तरी तक्रार करत नाही, जमिनीखाली पुरता येते. लोकांना आवडली यात नवल नाही. पुढे व्हॉल्व्हचे दिवस गेले. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेवटी फिरवून जुळवण्याचे कंडेन्सर असत, त्यामुळे ते यंत्र कमीजास्त रोधाशी जमवून घेई. ट्रान्झिस्टरचे यंत्र पन्नास ओहमवर अडून बसते, आणि परतीची लहर जास्त दिसली की जिवाच्या भीतीने आपली शक्ती आपणच आवरती घेते. यंत्र भित्रे झाले आणि त्याचा मालक काट्याचा भक्त झाला.

साहेबांचे म्हणणे असे की उघड्या तारा जुन्या. असतील. ओहमचा नियम याहूनही जुना आहे, तो मोडीत काढावा असे अजून कोणी सुचवलेले ऐकिवात नाही. आणि उघड्या तारांची जोडी ही काही अमेरिकेची नवलाई नव्हे. ज्यांच्या घरी दूरदर्शनच्या पहिल्या काळातला संच होता त्यांनी आठवून पाहावे : गच्चीवरच्या ॲल्युमिनिअमच्या काड्यांपासून खाली येणारी ती चपटी फीत, दोन कडांना दोन तारा आणि मध्ये प्लास्टिक. तीनशे ओहमची दुतारीच ती. पावसापाण्यात ती फीत पिढीभर लटकत होती आणि तिच्यावर लोकांनी 'रामायण' पाहिले.

दोन तारा कशासाठी, हेही सांगून टाकतो. घरात लग्नकार्याचे कांडण जोडीने होत असे तेव्हा एकीचे मुसळ वर गेले की दुसरीचे खाली येई. दुतारीतल्या विजेचे तसेच आहे. एकीत ती ज्या क्षणी वर चालते त्याच क्षणी दुसरीत तितकीच खाली चालते. दूरून पाहणाऱ्याला दोघींची बेरीज शून्य, म्हणून तारा उघड्या असूनही लहर वाटेत बाहेर सांडत नाही, ती एरिअलमध्ये गेल्यावरच मोकळी होते. आणि बाहेरचा कचरा, म्हणजे शेजारच्या स्वस्त एल.ई.डी. दिव्यांची आणि चार्जरांची खरखर, दोघींत सारखीच शिरते आणि ट्यूनरपाशी बरीचशी कटते. केबलला हा समतोल आपोआप येत नाही. निष्काळजीपणे जोडलेल्या केबलच्या जाळीची बाहेरची बाजू हा तिसरा वाटेकरी होतो, आणि मग माइकला ओठ लागला की चटका बसतो. हा प्रसाद मी खाल्लेला आहे.

पोराने दुतारी कशी केली ते ऐका. दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, दोन पदरांत १५ सेंटिमीटर अंतर. सूत्रात घातले तर बरोबर सहाशे ओहम येतात. अंतर राखायला बांबूच्या कामट्या, त्या मेणात उकळून घेतल्या म्हणजे पाणी पीत नाहीत. मेण देवळातल्या आणि घरातल्या मेणबत्त्यांच्या बुडख्यांचे. उकळण्याचे पातेले आईचे, यावरून घरात काय झाले ते इथे सांगत नाही. तयार झाल्यावर एक लांबलचक शिडी झाली, जिच्यावरून फक्त खारच चढेल.

ट्यूनरसाठी ग्रामपंचायतीच्या अडगळीतला एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मिळाला. त्यातला गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावायचे बटन फिरवले की एकमेकांत शिरणारी ॲल्युमिनिअमची पाने, अजून सुरेख फिरत होता. त्याला दोन खण असतात. दोन खण दोन टोकांना, फिरणारी पाने मध्ये, म्हणजे डावे-उजवे तोल आपसूक सांभाळला गेला. पाण्याच्या पाइपावर तांब्याच्या तारेचे वेढे, मध्यभागी यंत्राकडून येणारे दोनतीन वेढे वेगळे, आणि दुतारीची टोके वेढ्यांवर कुठे लावायची ते ठरवायला दोन मगरचिमटे. हे चिमटे दोन्ही बाजूंनी सारखे सरकवायचे. मुलगा पहिल्या दिवशी रात्री अकरापर्यंत चिमटे सरकवत बसला होता. चिमटा एक वेढा आत घेतला की कंडेन्सर किती फिरवावा लागतो, याची वही त्याने घातली. ही वही कोणत्या पेटीबरोबर मिळते?

साहेब दिलदार आहेत. वाद ऐकून ते स्वतः आपला शंभर वॉटांचा रेडिओ, आपली ऑटोमॅटिक पेटी आणि केबलचे भेंडोळे घेऊन गिरणीवर आले. आधी त्यांची जोडणी झाली. शक्ती दहा वॉट ठेवली. पेटी टकटकली, काटा एकावर. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी परसात एक मोजणी ठेवली होती : वीतभर तार, एक डायोड आणि एक नाजूक मायक्रोॲमीटर. एरिअलमधून बाहेर पडलेल्या लहरीने त्याचा काटा हलतो. तो जेमतेम थरथरला. मग केबल काढून दुतारी लावली, पोराने आपली बटने फिरवली, पुन्हा तेच दहा वॉट. परसातला काटा निम्म्याच्या वर गेला.

"तुमचे मीटर गावठी आहे," साहेब म्हणाले.

गावठी होते यात शंका नाही. पण दोन्ही वेळा तेच गावठी होते.

मग साहेबांनी हट्टाने शंभर वॉट सोडले आणि गँगच्या पानांत चट्‌ करून ठिणगी पडली. ती पाने रेडिओ ऐकण्यासाठी केलेली, जवळजवळ बसवलेली. तेवढा दाब त्यांना सोसवत नाही. या बाबतीत साहेब जिंकले हे मी लिहून देतो. शंभर वॉटांना विरळ पानांचा कंडेन्सर हवा आणि तो अडगळीत सापडत नाही. आणखीही काही कबूल करतो. जिथे भिंतींतून, लोखंडी गजांतून वाट काढायची आहे तिथे दुतारीचे हाल होतात; लोखंडापासून तिला तारांच्या अंतराच्या तीनचार पट दूर ठेवावी लागते. बोलताना उघड्या तारेला हात लागला तर भाजते. वळवाच्या दिवसांत तिची टोके घराबाहेर सोडून जमिनीला जोडली नाहीत तर माझ्याकडे रडत येऊ नये, आणि विजेच्या कंपनीच्या तारांच्या आसपास तर एरिअल ताणूच नये. एकाच पट्टीवर, बेताच्या लांबीची तार वापरणाराला केबल काही वाईट नाही. पेटी विकत घेणाराही माझा शत्रू नाही. पैसा आहे, वेळ नाही, घ्यावी. माझे भांडण कागदाच्या तळच्या त्या वाक्याशी आहे, जे सतरा वर्षांच्या पोराला सांगते की तुझ्या हाताने होणार नाही.

हाताने झालेल्या गोष्टींचा इतिहास आपण सोयीने विसरतो. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तो दुकानात जाऊन पावती फाडून आणलेला नव्हता. मुंबईतच जुळवलेल्या यंत्रावर, जागा बदलत बदलत, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत चालला. त्याची लहर ४२.३४ मीटरची होती. हिशेब करून पाहा, आजच्या हौशींची चाळीस मीटरची पट्टी तीच. गिरणीवाल्यांचे चिरंजीव टेबलावर जे अर्धवट यंत्र बांधत आहेत ते पुरे झाले म्हणजे त्याच आकाशात बोलेल.

"हौस म्हणून ठीक आहे हो," असे साहेब नेहमी म्हणतात. हौसच आहे. पण १९९३ ला किल्लारीत आणि २००१ ला भूजला जमीन हलली तेव्हा या हौशी माणसांनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या सोबत्यांसह अंदमानात हौशी रेडिओच्या मोहिमेवर गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांनी बाहेरच्या जगाशी संपर्क चालू ठेवला. अशा वेळी टॉवर पडलेले असतात, दुकाने बंद असतात. पेटीतला एक रिले चिकटला तर तो दुरुस्त कोण करणार? ज्याच्या वहीत वेढे आणि चिमटे लिहिलेले आहेत त्याला मोडक्या घराच्या तारेतून, कुंपणाच्या काठ्यांतून वाट काढता येईल. दुसऱ्याला पेटीचे हमीपत्र वाचत बसावे लागेल.

कर्ज निघाले नाही. श्रावणात एका संध्याकाळी पोराच्या पाचसाडेपाच वॉटांना इटलीतल्या एका आजोबांनी उत्तर दिले. आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता, पण नाव आणि गाव दोन्ही बाजूंनी नीट लिहून घेतले गेले. त्या दिवशी गिरणी अर्धा तास बंद होती आणि दळणवाल्या बायका डबे खाली ठेवून रेडिओभोवती उभ्या होत्या.

साहेबांचा शेवटचा आक्षेप असा होता की पावसात दुतारीचे गणित बदलते. बदलते. कामट्यांवरून पाणी निथळू लागले की कंडेन्सर किंचित सरकवावा लागतो. पोराने बटनाभोवती पुठ्ठ्याची चकती लावून पेन्सिलीने दोन खुणा केल्या आहेत, एकीखाली "कोरडे" आणि दुसरीखाली "ओले". आता दिवाळीत आईला त्याच खांबावर आकाशकंदील लावायचा आहे, आणि कंदिलाच्या दिव्याची वायर दुतारीला खेटून जाणार म्हणून घरात पुन्हा वाद पेटला आहे. मी मध्यस्थीला गेलो होतो. कंदील चिंचेच्या बाजूला, निराळ्या दोरीवर, असे तूर्त ठरले आहे.